‘डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं’: रुग्णकेंद्री फॅमिली मेडिसिन सोप्या भाषेत

समजा, एक एस.टी. ड्रायव्हर आहे. वय पन्नाशीच्या पुढे, सहा-सात वर्षांचा मधुमेह. दर तीन महिन्यांनी तो दवाखान्यात येतो आणि रिपोर्ट टेबलावर ठेवतो. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारा एचबीएवनसीचा आकडा ९ च्या वर. डॉक्टर विचारतात, “गोळ्या वेळेवर घेता ना?” तो म्हणतो, “घेतो की.” डॉक्टर ग्लिमेपिराइडचा डोस वाढवतात, भात कमी करायला पुन्हा एकदा बजावतात, आणि कंपाउंडर पुढच्या नावाचा पुकारा करतो. पुढच्या खेपेला साखर तेवढीच. डोस आणखी वाढतो.

आता दवाखान्याबाहेरची बाजू बघा. ड्युटी असली की या माणसाचं जेवण कधी बाराला, कधी साडेतीनला. एकदा घाटात गाडी चालवताना त्याला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली. गाडी कशीबशी बाजूला घेतली, कंडक्टरने बिस्किटं दिली, दहा मिनिटांत बरं वाटलं. हे गोळीमुळे झालं असं त्याच्या मनाने घेतलं, आणि ते खरंच होतं. या गटातल्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. जेवण लांबलं की साखर धाडकन खाली येते. तेव्हापासून ड्युटीच्या दिवशी तो गोळी घेतच नाही. मागे पन्नास माणसं बसलेली असतात. मग हे डॉक्टरांना का सांगितलं नाही? डेपोत कळलं तर स्टिअरिंगवरून काढतील ही एक भीती. आणि दुसरं म्हणजे, तसं कोणी विचारलंच नव्हतं.

निदान बरोबर, औषधही पाठ्यपुस्तकातलं, तरी उपचार उलटा चाललेला. साखर चढी राहण्याचं खरं कारण लॅबच्या कागदावर येणारच नव्हतं. ते त्याच्या ड्युटीच्या तक्त्यात आणि त्याच्या धास्तीत होतं. ते शोधून काढणं हाही तपासणीचाच भाग आहे आणि त्यालाही छातीला स्टेथोस्कोप लावण्याइतकीच शिकण्याजोगी पद्धत आहे, असं रुग्णकेंद्री फॅमिली मेडिसिन मानतं. नाव ऐकून वाटतं, गोड बोलणं, पाठीवर हात ठेवणं असलं काहीतरी असेल. गोड बोलणारे डॉक्टर मलाही आवडतात. पण तुसड्या स्वभावाचा डॉक्टरही ही पद्धत शिकू शकतो, आणि गोडबोल्याला ती येत असेलच असं नाही.

या विचाराचं एक मूळ १९५० च्या दशकातल्या लंडनमध्ये आहे. मायकेल बॅलिंट हे मूळचे बुडापेस्टचे, एका जनरल प्रॅक्टिशनरचे चिरंजीव. पुढे ते मनोविश्लेषक झाले आणि इंग्लंडला आले. टॅव्हिस्टॉक क्लिनिक या मानसोपचाराच्या संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या सहकारी-पत्नी एनिड यांनी जनरल प्रॅक्टिशनरांचे छोटे गट जमवायला सुरुवात केली. प्रत्येकाने आपला एक अडलेला पेशंट घेऊन यायचं, म्हणजे त्याची हकिकत सांगायची. बहुतेकदा तो पेशंट असा, की त्याचं नाव यादीत दिसलं की डॉक्टरच्याच कपाळावर आठी पडावी. सगळे रिपोर्ट नॉर्मल, तक्रारी मात्र संपत नाहीत. या चर्चांतून बॅलिंटनी १९५७ मध्ये मांडलं, की जनरल प्रॅक्टिसमध्ये सर्वांत जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे खुद्द डॉक्टर. गंमत अशी, की या औषधाची मात्रा किती, ते किती दिवसांनी द्यायचं, त्याचे दुष्परिणाम कोणते, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

आपल्याकडे याला हातगुण म्हणतात आणि विषय तिथेच संपवतात. १९८७ मध्ये के. बी. थॉमस या इंग्लंडमधल्या जनरल प्रॅक्टिशनरने मात्र हातगुण मोजून बघितला. ज्यांच्या तक्रारी होत्या पण तपासणीत ठोस काही सापडत नव्हतं, असे २०० पेशंट त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गटांत वाटले. काहींना खात्रीने सांगितलं, की तुम्हाला अमुक झालंय आणि थोड्याच दिवसांत बरं वाटेल. काहींना सांगितलं, की नक्की काय झालंय ते मला सांगता येत नाही. दोन्हींत काहींना औषध दिलं, काहींना नाही. दोन आठवड्यांनी पहिल्या प्रकारच्या भेटीतले ६४ टक्के लोक बरे झाले होते, दुसऱ्या प्रकारातले ३९ टक्के. औषध मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत फरक जवळपास नव्हता: ५३ आणि ५० टक्के. किरकोळ, आपोआप बऱ्या होणाऱ्या दुखण्यांची ही गोष्ट, हे लक्षात ठेवलेलं बरं. न्यूमोनिया धीराच्या शब्दांनी बरा होत नाही. पण दवाखान्यातली गर्दी बहुतांशी किरकोळ दुखण्यांचीच असते.

हातगुणाची पद्धत बनवण्याचं काम झालं कॅनडात. इयन मॅकव्हिनी हे इंग्लंडमध्ये, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनला, बरीच वर्षं जनरल प्रॅक्टिस केलेले डॉक्टर. १९६८ मध्ये ते ऑन्टारिओ प्रांतातल्या लंडन शहरात वेस्टर्न ऑन्टारिओ विद्यापीठात गेले आणि कॅनडातले फॅमिली मेडिसिनचे पहिले प्राध्यापक झाले. त्यांचा मुद्दा असा होता: हृदयरोगतज्ज्ञाला आपलं क्षेत्र अवयवावरून सांगता येतं, सर्जनला कौशल्यावरून. फॅमिली डॉक्टरला यातलं काहीच म्हणता येत नाही. तो आधी माणसाशी बांधला जातो; त्या माणसाला पुढे कोणता आजार होणार, हे त्या वेळी कोणालाच माहीत नसतं. त्यामुळे “हे माझ्या विषयात येत नाही” हे वाक्य त्याच्या तोंडी शोभत नाही. १९८० च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेतले फॅमिली डॉक्टर जोसेफ लेव्हनस्टाइन तिथे पाहुणे प्राध्यापक म्हणून आले, आणि त्यांच्या अनुभवातून मॉयरा स्टुअर्ट, ज्युडिथ बेल ब्राउन, वेन वेस्टन वगैरे मंडळींनी रुग्णकेंद्री तपासणीची रीत रचली. ती आज जगभरच्या अभ्यासक्रमांत आहे.

फॅमिली डॉक्टरसाठी वेगळी रीत लागतेच कशाला? याचं उत्तर १९६१ च्या एका हिशेबात आहे. कर व्हाइट या अमेरिकन डॉक्टरने आणि सहकाऱ्यांनी अमेरिका-ब्रिटनमधली आकडेवारी घेऊन दाखवलं, की १००० प्रौढांपैकी साधारण ७५० जणांना महिन्याभरात काही ना काही दुखतं-खुपतं. त्यातले २५० डॉक्टरकडे जातात. ९ जण इस्पितळात दाखल होतात. आणि मोठ्या विद्यापीठाच्या रुग्णालयात पोचतो फक्त १. डॉक्टर मात्र शिकतात या एकाला बघून. त्या एकाचा आजार पिकलेला असतो, नाव लावण्याजोगा असतो. उरलेल्या २४९ जणांचं दुखणं अजून धड आकाराला आलेलं नसतं. डोकं दुखणाऱ्या बाईला ब्रेन ट्यूमर असण्याची शक्यता न्यूरोसर्जनच्या ओपीडीत एक आणि गल्लीतल्या दवाखान्यात अगदी वेगळी. इथे चष्म्याचा नंबर, रात्रपाळी, मुलीचं मोडलेलं लग्न, संकष्टीचा उपास, यांतलं काहीही असू शकतं. यंत्राला यातलं बरंचसं दिसत नाही.

आता ती रीत. स्टुअर्ट वगैरे मंडळींच्या पुस्तकात तिचे चार भाग आहेत. मला त्यातले दोन खरे मोलाचे वाटतात आणि उरलेले दोन त्यांच्या मागोमाग येतात.

पहिला भाग असा, की डॉक्टरने एकाच वेळी दोन धागे धरायचे. एक धागा रोगाचा: कुठे दुखतं, केव्हापासून, ताप किती, रक्तदाब किती. दुसरा धागा त्या माणसाने भोगलेल्या दुखण्याचा, आणि त्यासाठी चार गोष्टी काढून घ्यायच्या. त्याला कसली भीती वाटतेय? हे कशामुळे झालं असं त्याला वाटतं? रोजच्या कामात काय अडलंय? आणि आज तो माझ्याकडून काय व्हावं म्हणून आलाय? छातीत जळजळतंय म्हणून आलेल्या चाळिशीतल्या माणसाच्या मनात खरं काय असतं? महिन्यापूर्वी त्याच्या ऑफिसातला सहकारी झटक्याने गेला, हे असतं. “ॲसिडिटी आहे, ही गोळी घ्या” असं त्याला सांगितलं तर तो चिठ्ठी घेऊन सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे ईसीजी काढायला जातो. “तुम्हाला हार्टची भीती वाटतेय का?” एवढं विचारून, तपासून, ते हार्टचं का वाटत नाही हे दोन वाक्यांत सांगितलं, तर तीच गोळी लागू पडते.

दुसरा मोलाचा भाग म्हणजे दोघांचं एकमत. तेही तीन गोष्टींवर: अडचण नेमकी कोणती, आपल्याला गाठायचं काय आहे, आणि कोणी काय करायचं. वरच्या ड्रायव्हरच्या बाबतीत डॉक्टरची अडचण होती ९ चा आकडा. त्याची अडचण होती घाटात कापणारे हात. दोघं वेगवेगळ्या आजारांवर उपचार करत होते म्हणा ना. “मागच्या आठवड्यात किती वेळा गोळी राहून गेली? ड्युटीमुळे बऱ्याच जणांची राहते,” असा प्रश्न आला असता तर उत्तर वेगळं मिळालं असतं. “घेता ना?” या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. मग पुढचं सोपं होतं. मेटफॉर्मिन आहे, सिटाग्लिप्टिन आहे. या गोळ्या एकट्याने साखर सहसा एकदम खाली पाडत नाहीत, आणि सिटाग्लिप्टिनचं पेटंट २०२२ मध्ये संपल्यावर तीही परवडू लागली. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. आकडा ७ वर आणायची घाई करायची नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. साखर खाली जाऊन अंधारी येण्याचे प्रकार थांबेपर्यंत या माणसाने गाडी चालवता कामा नये, आणि हे त्याला तोंडावर सांगणं हे डॉक्टरचंच काम. तो नाराज होईल. रुग्णकेंद्री म्हणजे रुग्ण म्हणेल तसं, असा अर्थ काढणाऱ्यांनी ही पद्धत नीट वाचलेली नसते. पण “गाडी बंद” एवढं फर्मान सोडणं वेगळं आणि “औषध बदलून साखर स्थिर होईपर्यंत डेपोत दुसरं काम मिळतं का, त्यासाठी सर्टिफिकेट कसं लिहू?” असं विचारणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात तो पुन्हा दवाखान्यात येतो.

उरलेले दोन भाग म्हणजे माणूस त्याच्या घरादारासकट, कामधंद्यासकट समजून घेणं, आणि हे नातं प्रत्येक भेटीत थोडं थोडं जोपासणं.

याचा उपयोग होतो का? २००० मध्ये मॉयरा स्टुअर्ट यांच्या गटाने ३९ फॅमिली डॉक्टर आणि त्यांचे ३१५ पेशंट यांच्या भेटी ध्वनिमुद्रित करून अभ्यासल्या. आपलं आणि डॉक्टरचं एकमत झालं असं ज्या पेशंटना वाटलं, ते दोन महिन्यांनी जास्त बरे होते, त्यांची धास्ती कमी झालेली होती, आणि त्यांच्या तपासण्याही कमी झाल्या होत्या. त्यांना तज्ज्ञांकडेही कमी वेळा पाठवावं लागलं होतं. टेप ऐकून तिऱ्हाईताने “हा डॉक्टर छान बोलला” असे गुण देण्यापेक्षा पेशंटला स्वतःला काय वाटलं याचा संबंध जास्त थेट निघाला. डॉक्टरने मनातल्या मनात कितीही काळजी घेतली, ती समोरच्यापर्यंत पोचली नाही तर औषध म्हणून तिचा उपयोग कमीच.

सगळ्यात पहिला आक्षेप अर्थातच वेळेचा. “बाहेर तीस पेशंट बसलेत, यांची रामकहाणी ऐकत बसलो तर झालंच.” आक्षेप खोटा नाही. ६७ देशांचा आढावा घेणाऱ्या २०१७ च्या एका अभ्यासात भेटीचा सरासरी वेळ स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि बांगलादेशात ४८ सेकंद निघाला; भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास. पण रामकहाणी खरंच किती लांब असते? अमेरिकेत १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटी तपासल्या. पेशंटने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते, आणि आपलं म्हणणं पूर्ण करायला मिळालं फक्त २३ टक्के पेशंटना. मग स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात, २००२ मध्ये, डॉक्टरांना सांगितलं गेलं की मध्ये बोलू नका आणि गुपचूप स्टॉपवॉच लावा. ३३५ पेशंट. सरासरी वेळ ९२ सेकंद. जवळपास ७८ टक्के लोक दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलणारे फक्त ७ निघाले, आणि त्यांच्या बोलण्यातही कामाची माहिती होती असं डॉक्टरच म्हणाले.

भारताच्या दोन मिनिटांतली ९२ सेकंदं ऐकण्यातच गेली तर तपासायला आणि औषध लिहायला वेळ उरत नाही हे उघड आहे. सरकारी ओपीडीत एका टेबलाशी चार पेशंट एकदम उभे असतात. तिथल्या डॉक्टरला ‘सुसंवाद कौशल्या’चं प्रशिक्षण देणं ही मला चेष्टा वाटते. तिथे आधी माणसं वाढवायला हवीत. खासगी दवाखान्यातला हिशेब मात्र वेगळा आहे. १९७५ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ८० नव्या पेशंटपैकी ६६ जणांचं निदान फक्त आधीच्या डॉक्टरची चिठ्ठी वाचून आणि हकिकत ऐकून बरोबर झालं होतं. तपासणीचा आणि लॅबचा उपयोग प्रत्येकी ७ जणांच्या बाबतीत झाला. म्हणजे हकिकतीतले सेकंद वाचवले की ते पुढे सोनोग्राफीच्या रांगेत खर्च होतात, फक्त पेशंटच्या खिशातून. यात कटाचा, म्हणजे पेशंट पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणाऱ्या कमिशनचा, हिशेब धरलेला नाही. तो कुठे आणि कसा चालतो हे सर्वांना माहीत आहे.

शिवाय न ऐकलेली गोष्ट जाता जाता निघतेच. पेशंट चप्पल घालता घालता दारात थांबतो आणि म्हणतो, “डॉक्टर, अजून एक सांगायचं होतं...” आणि ते अजून एक म्हणजे शौचावाटे रक्त जाणं, किंवा स्तनातली गाठ, किंवा नवऱ्याचं पिणं असतं. इंग्लंडमधल्या २००० सालच्या एका अभ्यासात ३५ पेशंटना भेटीआधी विचारून ठेवलं होतं, की तुम्हाला काय काय बोलायचंय. ते सगळं बोलून बाहेर पडले फक्त ४ जण. सर्दी-खोकला, औषधाचं नाव, हे लोक सांगतात. राहून जातं ते “मला याची भीती वाटते” आणि “मला ही गोळी नको आहे” हे.

आपल्याकडे यात एक गुंता जास्तीचा आहे, तो घरच्यांचा. पाश्चात्त्य पुस्तकांतला रुग्ण बहुधा एकटा येतो. इथे आजींबरोबर मुलगा येतो, सून येते, कधी शेजारच्या काकूही. प्रश्न आजींना, उत्तर मुलाचं: “तिला ना, भूकच नाही.” आजी पदराशी चाळा करत बसलेल्या. सुनेबरोबर सासू आत आली तर पाळीबद्दल काय बोलणार ती? चांगले फॅमिली डॉक्टर यावर साध्या युक्त्या करतात. “आजी, तुम्ही टेबलावर झोपा बघू, बाकीचे बाहेर थांबा,” असं म्हणून पडद्याआड दोन मिनिटं मिळवतात, आणि दात दुखतात म्हणून भाकरी चावत नाही हे तिथे कळतं. घरच्यांना हाकलून देणं हा मात्र उपाय नाही. पथ्याचा स्वयंपाक तेच करणार, रात्री इन्शुलिन तेच टोचणार. कॅन्सरचं निदान झालं की “त्यांना सांगू नका हं डॉक्टर, धसका घेतील,” ही विनंती तर ठरलेली. अशा वेळी आधी पेशंटलाच विचारावं: “तुमच्या आजाराची माहिती तुम्हाला स्वतःला किती हवी? की मी मुलाशी बोलू?” काही जण खरंच म्हणतात, त्याच्याशीच बोला. पण हे त्यांनी ठरवायचं असतं. बऱ्याचदा त्यांना सगळं आधीच कळलेलं असतं आणि तेच घरच्यांपासून लपवत असतात.

स्त्रियांच्या न बोललेल्या दुखण्यांचा सर्वांत मोठा पुरावा महाराष्ट्रातलाच आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ९२ टक्के स्त्रियांना एक किंवा अधिक स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. अंगावर काढणं किती खोल मुरलेलं असतं, ते या दोन आकड्यांतल्या अंतरावरून दिसतं. पुढे शोधग्राममध्ये, म्हणजे गडचिरोलीतल्या आपल्या संस्थेच्या आवारात, दवाखाना बांधताना या दांपत्याने आदिवासींनाच विचारलं, की तुम्हाला कसा हवा. मोठ्या इमारतीची भीती वाटते, आणि नातेवाईक जवळ राहायला हवेत, असं लोकांनी सांगितलं. म्हणून तो गावासारखा, झोपड्यांचा झाला आणि त्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं. रुग्णकेंद्री हा शब्द एकदाही न वापरता केलेलं हे काम मला कुठल्याही कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या ‘पेशंट एक्स्पीरियन्स’ विभागापेक्षा त्या कल्पनेच्या जवळचं वाटतं.

कॉर्पोरेटचा विषय निघालाच आहे तर समाधानाबद्दल. पेशंट खूश झाला म्हणजे उपचार चांगला झाला असं नाही. अमेरिकेतल्या सुमारे ५२ हजार लोकांच्या २०१२ च्या विश्लेषणात डॉक्टरांवर सर्वांत जास्त समाधानी असलेल्यांचा खर्च जास्त निघाला आणि मृत्युदरही जास्त. असा संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, पण मागेल ते देत सुटण्यात धोका आहे हे नक्की. मजा म्हणजे पेशंट पुष्कळदा मागतही नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या १९९७ च्या अभ्यासात दिसलं, की औषधाची अपेक्षा ठेवून आलेल्यांना ते मिळण्याची शक्यता जवळपास तिप्पट होती. पण याला औषध हवंय असा डॉक्टरचा समज झाला की ती दसपट होत होती. न विचारता बांधलेला अंदाज! आपल्याकडे “सुई मारल्याशिवाय यांना बरं वाटत नाही” असं डॉक्टर म्हणतात आणि “हे डॉक्टर सुई मारल्याशिवाय सोडत नाहीत” असं पेशंट म्हणतात. सलाइनच्या बाटल्या या दोन समजांच्या मध्ये लटकत असतात.

हे सगळं एका भेटीत जमत नाही, आणि म्हणूनच ‘फॅमिली मेडिसिन’मधलं सातत्य महत्त्वाचं. नॉर्वेत २००१ पासून प्रत्येक नागरिकाला ठरलेला फॅमिली डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं, की एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांना, वर्षभराच्याच ओळखीच्या तुलनेत, अवेळी डॉक्टर गाठण्याची आणि तातडीने दाखल होण्याची वेळ येण्याची शक्यता जवळपास ३० टक्क्यांनी कमी होती. मृत्यूची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी. एखाद्या नव्या गोळीने असा फरक दाखवला असता तर तिची पहिल्या पानावर जाहिरात आली असती.

असं का होत असावं? दहा वर्षं बघणाऱ्या डॉक्टरला तुमचा नेहमीचा चेहरा माहीत असतो, त्यामुळे आजचा वेगळा चेहरा कळतो. “हा उगाच येणारा नाही” हे त्याला ठाऊक असतं. तुमच्या वडिलांचं काय झालं, तुम्हाला कोणती गोळी सोसली नाही, हे पुन्हा सांगावं लागत नाही. आणि थांबून बघायचं धाडस दोघांनाही करता येतं: “दोन दिवस बघू, उतार पडला नाही तर फोन करा” हे वाक्य अनोळखी डॉक्टर सहसा म्हणत नाही, तो पाच तपासण्या लिहून मोकळा होतो. उलट बाजूही आहे. जुन्या ओळखीत डोळेझाक होते. “यांचं पोट नेहमीचंच” म्हणत एखादा हळूहळू वाढणारा आजार महिनोन्महिने नजरेतून सुटू शकतो. तेव्हा जुन्या डॉक्टरनेही कधीतरी केस पेपर कोरा समजून तपासायला हवं, आणि पेशंटनेही दुसरं मत घेताना अपराधी वाटून घेऊ नये.

दुसऱ्या बाजूला बसणाऱ्यांना, म्हणजे आपल्याला, यात काय करता येतं? सर्वांत मोठी भीती पहिल्या वाक्यात सांगावी, दारात नाही. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात, त्यात काढा, चूर्ण, मेडिकलवाल्याने दिलेली आणि मेहुण्याला लागू पडली म्हणून घेतलेलीही. न घेतलेल्या गोळ्या घेतल्या म्हणून सांगू नये. त्या खोट्याची किंमत पुढच्या डोसमध्ये वसूल होते. तपासणी लिहून दिली तर विचारावं, “यातून काय कळेल, आणि आठ दिवस थांबलो तर चालेल का?” नेटवर वाचलेलं लपवू नये, “मी असं वाचलं आणि घाबरलो” एवढंच सांगावं. डॉक्टर रागावले तर तेही एक निदानच समजा.

आणि एक काम या दशकात अनेक घरांनी करून ठेवायला हवं. पुण्या-मुंबईतच नव्हे, तालुक्याच्या गावांतही साठी-सत्तरीतले फॅमिली डॉक्टर एकेक करून दवाखाने बंद करताहेत. मुलं सुपरस्पेशालिस्ट झालेली किंवा परदेशी. त्यांच्या डोक्यातली तुमच्या घराची तीस वर्षांची माहिती कुठल्याही संगणकावर नाही. ते निवृत्त होण्याआधी प्रत्येकासाठी एक पान लिहून मागा: आजार, ऑपरेशनं, न सोसलेली औषधं, घराण्यातले रोग, आणि शेवटी दोन ओळी त्यांच्या मनाने, “या माणसाला बघताना हे लक्षात ठेवा” अशा. नव्या डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना आजारी पडून जाऊ नका. बरे असताना, ते पान घेऊन, नुसता रक्तदाब मोजायला म्हणून जा.